जास्तीचा टाय

माझ्या मुलीचं लग्न ठरल्याची बातमी मला फोनवर मिळाली, आणि तो फोनही लग्नासाठी नव्हता, रंगासाठी होता. पॉलिएस्टर रंगवता येतं का, असं तिने विचारलं. कपडे रंगवणं हा माझा धंदाच, मी लगेच तोऱ्यात सांगायला लागलो की येतं, पण ते सुतासारखं गुणी नाही, त्याला खळाखळा उकळावं लागतं, वाफेने डोळे चुरचुरतात आणि एवढं करून ते रंग घेईलच याची खात्री नसते. मग विचारलं, कुणाचे कपडे आहेत.

"माझ्या लग्नाचे," ती म्हणाली. "बाबा, सांगणारच होते तुम्हाला."

ती लहान असतानाच तिची आई आणि मी वेगळे झालो. आईने नंतर दुसरं लग्न केलं. त्या गृहस्थांमध्ये खोट काढायचा मी फार प्रयत्न केला, पण माणूस खरंच भला निघाला आणि हीच माझी त्यांच्याविरुद्धची मोठी तक्रार आहे. मुलगी त्यांना पप्पा म्हणते आणि अरे-तुरे करते. मला अहो-जाहो करते. गिऱ्हाइकांनी मान दिला की मला बरं वाटतं, पण तिचा मान मला कायम टोचत आलाय.

दोन्ही हातांत पिशव्या घेऊन ती दुकानात आली. तिचा लग्नाचा ड्रेस शिवून तयार होता, मळकट गुलाबी, जुन्या विटेकडे झुकणारा. त्याला जुळतील म्हणून मागवलेले टाय आणि ओढण्या मात्र भडक गुलाबी निघाल्या होत्या. मुलीकडच्या जवळच्या सगळ्यांनी एकाच रंगात ड्रेसच्या दोन्ही बाजूंना उभं राहायचं, असा बेत होता. बदलून घ्यायला वेळ उरला नव्हता, म्हणून बाबांची आठवण झाली. तक्रार नाही. कशाने का होईना, झाली.

फोनवर मी तिला एक नग जास्तीचा आणायला सांगितलं होतं. सगळ्याच गिऱ्हाइकांना सांगतो. त्याचे तुकडे करून आधी त्यांच्यावर रंग बघायचा आणि जमला की बाकीचे नग पातेल्यात सोडायचे. मी त्याला बकरा म्हणतो. तिने टेबलावर एकेक वस्तू मांडली. ही आईची ओढणी, ही मावशीची, हा पप्पाचा टाय, हा काकांचा, आणि हा इलॅस्टिकवाला छोट्याचा. छोट्या म्हणजे तिचा धाकटा भाऊ. मग तिने आणखी एक टाय काढून ठेवला, चांगला मोठ्या माणसाचा, आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. "अरे पप्पा, निघालेच," असं म्हणत ड्रेसच्या कापडाची एक पट्टी माझ्या हातात देऊन ती गेलीसुद्धा.

तो टाय कुणाचा, हे सांगायचं राहूनच गेलं.

सरळ विचार केला तर तो बकरा होता. मीच मागितला होता आणि तिने आणला होता. पण माणूस असा सरळ विचार करत नाही, निदान मी तरी करत नाही. मला वाटायला लागलं की जास्तीचा नग आणायला ती विसरली असेल आणि हा माझा असेल. तोंडावर सांगायला संकोच वाटला असेल. फोन करून विचारता आलं असतं. पण बकरा असता तर ते तिला बोलून दाखवावं लागलं असतं आणि मला ऐकावं लागलं असतं. म्हणून फोन न करता मी टाय दाराआडच्या खिळ्याला लावून ठेवला.

दुपारी दुकानात कुणी नसताना मी तो गळ्यात घालून बेसिनवरच्या आरशात पाहिलं. त्या भडक गुलाबीत मी अगदी विदूषक दिसत होतो. तरी पाणी उकळेपर्यंत तिथेच उभा राहिलो. मला तिच्याजवळ उभं राहायचं होतं. बाजूला, टोकाला, कुठेही, पण त्या रंगात. दुसरं काही मागणं नव्हतं.

आता त्या टायला कात्री लावायची नाही म्हटल्यावर रंग बघायचा कशावर? मी शहाणपणा केला. काकांच्या टायच्या आत टोकाशी अस्तर असतं, त्याचा नखाएवढा तुकडा काढला. कुणाला दिसणार नव्हतं. रंग पहिल्याच फटक्यात जमला. खिडकीशी नेऊन, उजेडात पट्टीला लावून पाहिला तर फरक म्हणून नाही. मी खूश झालो, खिळ्यावरचा टाय सोडून सगळ्या नगांचा भडक रंग आधी उतरवला आणि मग ते नव्या रंगाच्या पातेल्यात सोडले.

बाहेर काढून पाहिले. सगळे फिके, आजारी गुलाबी. अस्तर वेगळ्या धाग्याचं होतं, ते रंग अधाशासारखं पितं, आणि मी त्याच्यावर विसंबलो. नवशिक्यानेही केली नसती अशी चूक मी आयुष्यभर हाच धंदा करून केली. रंग कमी पडला होता, म्हणजे अजून भर घालता येत होती. पण एकदाच. त्याहून जास्त उकळलं तर कापडाची झळाळी जाते आणि ते चुरगळून बसतं. आता अंदाजाने चालणार नव्हतं, खऱ्या कापडावरच बघायला हवं होतं.

मी खिळ्यावरचा टाय काढला. खूप वेळ हातात धरून बसलो. तिचं लग्न एकीकडे आणि माझी हौस दुसरीकडे, यात ठरवण्यासारखं काही नव्हतं. आधी तो बाकीच्यांइतकाच फिका केला, मग त्याचे तुकडे केले. काही तुकडे वाया गेले, मग एक जमला. त्याच मापाने बाकीचे रंगवले. आईची ओढणी उजेडात धरली तेव्हा ती ड्रेसच्याच ताग्यातली वाटत होती. मनात म्हटलं, तो टाय माझा असलाच तर आता तिला काय सांगू?

कपडे न्यायला ती आली. तिने प्रत्येक नग खिडकीशी नेऊन पट्टीला लावून पाहिला आणि मला मिठी मारली. शाळेत जायला लागल्यापासून तिने असं केलं नव्हतं. माझे हात रंगाने माखलेले, म्हणून मी ते तिच्यापासून लांब धरून तसाच उभा राहिलो. मग तिला टेबलावरच्या चिंध्या दिसल्या.

"हा बकरा ना?" ती हसली. "बरं झालं आठवणीने आणला."

मी हो म्हणालो. उत्तर मिळालं होतं, तिथेच थांबायला हवं होतं. पण जिभेला राहवलं नाही.

"मी काय घालू?"

तिने माझ्याकडे पाहिलं. लपवालपवी नाही, ओशाळणं नाही. तिला प्रश्नच कळला नव्हता.

"तुम्ही काहीही घाला ना बाबा, तुम्हाला काहीही चालेल," ती मायेने म्हणाली. पिशव्या उचलून दारापर्यंत गेली आणि वळली. "फक्त लवकर या हं. मागच्या खुर्च्या पटकन भरतात."

मी म्हटलं, येतो लवकर.