अजून कोण?

दिवाळी सरून आठ दिवस झाले होते. मानोरा गावाच्या बाजूला, डोंगराच्या पोटाशी वसलेल्या त्या तांड्यातली निम्मी माणसं ऊसतोडीला निघून गेली होती. कमलीबाई आपल्या खोपटापुढं चूल पोतारत बसली होती. तिचं घर तांड्याच्या अगदी कडेला. विहिरीची वाट तिच्या दारावरूनच जायची; पण लेकुरवाळी बाई तिथं पोचली, की ओढणीनं लेकराचं तोंड झाकायची आणि भराभर पुढं व्हायची. कमलीबाई मान वर करायची नाही. अडीच वर्षांत तिला याची सवय झाली होती.

त्या वाटेनं देवमन मास्तर आला आणि दारापुढच्या दगडावर बसला. तांड्यातली एकशिक्षकी शाळा तो चालवायचा. वय असेल अठ्ठावीस. शेजारच्या गावातल्या बौद्धवाड्यात तो आपल्या आईसोबत, वच्छलाबाईसोबत राहायचा.

"पानी दे व बाई," तो म्हणाला.

साऱ्या तांड्यात कमलीबाईच्या हातचं पाणी पिणारा हा एकटाच. पहिल्यांदा त्यानं पाणी मागितलं तेव्हा ती घाबरली होती. तो हसून म्हणाला होता, "माह्या आज्याच्या हातचं पानी गावात कोनी पेत नवतं. देनाराचा हात पाहून पानी प्याची आदत आमाले नाई."

आज तो काम घेऊन आला होता. "शाळेत नाटक बसवून राह्यलो. एक बाई पाह्यजे."

"मंग एखाद्या पोट्ट्याले लुगडं नेसव ना."

"बाकी कामाले पोट्टे भेटले. ह्या कामाले कोनी तयार नाई होत." मास्तर म्हणाला, "डाकनीचं काम हाये."

कमलीबाईचा हात चुलीवरच थांबला.

मास्तर सांगू लागला. अकोल्याच्या वाचनालयात त्यानं एका मासिकात वाचलं होतं. "तिकडे सायबाइच्या मुलुखात तीनशे वर्सामागं असंच झालं, बाई. गावातल्या पोरी आजारी पडल्या, तं म्हने अमकीनं करनी केली. बायाइले पंचापुढं उभं केलं. इचारलं, तुह्यासंगं अजून कोन कोन हाये? जिनं दुसरीचं नाव घेतलं थे सुटली. जिनं नाई घेतलं थे फासावर गेली. आन् आपल्याच जमान्यात, त्याच मुलुखात, मास्तर लोक, लिवनारे, नाटकवाले धरले. म्हने, तुमी लाल बावट्याचे. तिथंबी थोच सवाल, अजून कोन? मी हे नाटक आपल्या भाषेत, आपल्या तांड्याचं लिवलं."

"आन् तुह्या नाटकातली बाई? थे नाव सांगते?"

"नाई. जीव देते, पन नाव नाई सांगत."

कमलीबाईनं चुलीचा राहिलेला कोपरा पोतारला. मग ओला हात लुगड्याला पुसत म्हणाली, "करतो मी काम."

मास्तरला वाटलं, तिच्यावर जे गुजरलं ते लोकांना दाखवायला ती तयार झाली. खरं कारण त्याला ठाऊक नव्हतं. ते पंचांना ठाऊक होतं, आणि ते बोलत नव्हते.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा तो उन्हाळा होता. विहिरीत गाळ तेवढा उरला होता. हगवणीनं तांड्यातली चार लेकरं गेली, त्यात तांड्याच्या मुखियाचा, हेमसिंग नायकाचा, नातूही गेला. डॉक्टरांनी सांगितलं, पाणी उकळून प्या. मास्तरनं तर खडी फोडण्याच्या सरकारी कामावर मजुरांना गोळा करून चांगल्या पाण्याचा टँकर मागितला. त्या कामावर मुकादम नायकच होता. त्याला ते लागलं. आणि नातवाच्या दुःखानं तो आधीच अर्धा झाला होता. असल्या दुःखाला कारण लागतं आणि गढूळ पाणी हे कारण फार साधं वाटतं. त्यानं भगत बोलावला. भगतानं पाण्यात ज्वारीचे दाणे सोडले आणि विधवा कमलीबाईच्या घराकडं बोट केलं.

बाकीच्यांना हाकलून पंचांनी नायकाच्या अंगणातल्या लिंबाला तिला भर दुपारी बांधलं. केस कापले. नाकाखाली मिरच्यांचा धूर दिला. "अजून कोन?" नायक विचारत होता. दोनदा ती "कोनी नाई" म्हणाली. तिसऱ्यांदा तिनं नाव घेतलं. "रामी."

रामीबाई तिची जिवाभावाची मैत्रीण. दोघी एकाच जात्यावर दळायच्या. नंतर पंचांतलाच एक जण म्हणाला, की कमली धुरात गुदमरून मैत्रिणीला हाक मारत असेल. पण कमलीबाईला ठाऊक होतं, ती हाक नव्हती. सुटण्यासाठी घेतलेलं नाव होतं. ती सुटली. रामीबाईला बडवून तांड्याबाहेर काढलं आणि सहा दिवसांनी ती दूर नाल्यात बाभळीखाली मरून पडलेली सापडली. उन्हानं मेली, असं सगळ्यांनी सांगितलं. तिची लेक सोनीबाई मानोऱ्याच्या पलीकडं नांदत होती. नवरा वारल्यावर ती माहेरी परत आली, तेव्हा तिला एवढंच कळलं, की भगतानं आईचं नाव काढलं होतं.

कमलीबाईनं काम पत्करलं ते एवढ्यासाठी. नाटकात का होईना, तिला एकदा "नाई" म्हणायचं होतं.

नाटक शाळेच्या अंगणात झालं, दिवस मावळायच्या आत. पंचाचं काम गोविंदसिंगनं केलं. त्याची दोन लेकरं शाळेत होती. त्यानं आवाज चढवून विचारलं, "सांग डाकने, तुह्यासंगं अजून कोन?"

मास्तरनं तिला पाच-सहा वाक्यं शिकवली होती. ती सगळी विसरली. खांबाला बांधलेली कमलीबाई नुसती मान हलवत राहिली आणि मग एवढ्या जोरात ओरडली, की झाडावरची पाखरं उडाली. "कोनी नाई! कोनीबी नाई व माय, कोनीबी नाई!"

बाया तोंडाला पदर लावून रडू लागल्या. पुढं बसलेला हेमसिंग नायक उठला, पागोटं सावरलं आणि चालता झाला.

ते दिवस आणीबाणीचे होते. चार माणसं जमली तरी परवानगी लागायची. आणि 'डाकीण' हा शब्द आता जुना झाला होता. त्यानं तांडा हलायचा, पण ठाणं हलत नव्हतं. ठाणं हलवणारा शब्द वेगळा होता, आणि नायक शहाणा माणूस होता. त्यानं अर्ज केला, 'देवमन मास्तर लाल बावट्याचा असून नाटकाच्या आडून सरकारची बदनामी करतो. नाटकातले पंच म्हणजे सरकार.'

चौथ्या दिवशी सकाळी जीप आली. मास्तर फळ्यावर पाढे लिहीत होता. त्याला तसाच, खडूच्या हातानं, गाडीत बसवलं. मग फौजदार नायकाच्या अंगणात बाजेवर बसले आणि नाटकात कामं केलेल्यांना एकेक करून बोलावलं. कागद आधीच लिहून तयार होता. गोविंदसिंगनं मान खाली घालून अंगठा उठवला. त्याच्यामागून आणखी तिघांनी उठवला.

कमलीबाईला बोलावलं. फौजदार बाहेरगावचे, बोलायला गोड. त्यांनी तिला चहा द्यायला लावला.

"आजी, घाबरू नका. मास्तर लाल बावट्याचा आहे, हे आम्हाला माहीत आहे. तुम्ही फक्त अंगठा करा. आणि त्याच्याकडं कोण कोण यायचं, तेवढी दोन नावं सांगा. मग घरी जा."

कमलीबाईनं वर पाहिलं. तोच लिंब होता. तोच नायक बाजेच्या कडेला बसला होता. सवालही तोच होता. फक्त या वेळी धूर नव्हता, चहा होता.

"मास्तर माह्या घरी पानी पेत होते," ती म्हणाली. "येवढंच मले ठाव हाये."

"त्याच्यासोबत अजून कोण?"

"कोनी नाई."

नायक पुढं वाकला आणि हळूच म्हणाला, "कमले, इसरली का? पुन्हा बांधाले येळ नाई लागत."

तिनं चहाची बशी खाली ठेवली. अंगणाभोवती बाया उभ्या होत्या. त्यांत कमरेवर घागर घेतलेली सोनीबाई होती. कमलीबाईनं तिच्याकडं पाहिलं, आणि मग तिचं बोलणं थांबलं नाही.

"नाई इसरली, नायक. ह्याच लिंबाले बांधलं होतं मले. तुमीच इचारलं होतं. आन् मी रामीचं नाव घेतलं. भगतानं नाई, म्या घेतलं. रामी डाकन नवती, मीबी नवती. तुमचा नातू गढूळ पान्यानं गेला. मलेबी दुख हाये त्याचं, माह्या मांडीवर खेळलं होतं थे लेकरू. पन मी खोटं नाव घेतलं आन् माही रामी मारली. आता मारा नाई तं जाळा. माह्या तोंडून दुसरं नाव नाई निंघत."

सोनीबाईच्या कमरेवरची घागर निसटून पडली. पाणी साऱ्या अंगणात पसरलं. घागर उचलायलाही कोणी वाकलं नाही.

फौजदारांनी कपाळाला आठी घातली. एका बाईचा जीव गेल्याचं त्यांच्यासमोर सांगितलं गेलं होतं. ते म्हणाले, "ते जुनं प्रकरण राहू द्या. मास्तरचं बोला."

कमलीबाईनं अंगठा केला नाही. तिला जीपमध्ये बसवून नेलं, दोन दिवस ठाण्याच्या ओट्यावर बसवून ठेवलं आणि शेवटी कंटाळून सोडून दिलं. सतरा-अठरा मैल चालत ती घरी आली.

तिच्या नकारानं मास्तर वाचला नाही. बाकीचे अंगठे पुरेसे होते. खटला नाही, तारीख नाही; त्याला तुरुंगात टाकलं. पंधरा दिवसांनी तांड्यातून ऊसतोडीवर गेलेल्या सेवादास नावाच्या माणसालाही पोलिसांनी फडातून उचललं. त्याचं नाव कोणी सांगितलं, ते तांड्याला कळलं नाही. पुढच्या पावसाळ्यात वच्छलाबाई वारली. मुलाला मातीलाही येऊ दिलं नाही.

तांड्यानं कमलीबाईचं विहिरीवरचं पाणी तोडलं. ती पहाटेच उठून नाल्यातल्या झिऱ्यावरून पाणी आणायची. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. चार वेळा ती सोनीबाईच्या दारात जाऊन उभी राहिली. चारही वेळा सोनीबाईनं आतून कडी लावली.

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्याच्या तोंडी निवडणूक झाली, सरकार बदललं, माणसं सुटली, सेवादासही सुटला. मास्तर घरी आल्याचं कळलं, तेव्हा कमलीबाई शेजारच्या गावी त्याला भेटायला गेली. ओसरीवर बसलेल्या माणसाला तिनं आधी ओळखलंच नाही. तिशीतच तो पन्नाशीचा दिसत होता. दर दोन शब्दांनी खोकला येत होता. नोकरी परत मिळेल की नाही, हे कोणी सांगत नव्हतं.

"पानी पेशील?" कमलीबाईनंच विचारलं, आणि त्याच्याच घरात शिरून तांब्या भरून आणला.

मास्तरनं तांब्या घेतला नाही.

"मले कळलं, बाई, तू काय बोलली थे," तो म्हणाला. "तुरुंगात सांगतलं मले एकानं. मी मनात म्हनलं, माही बाई जितली. पन..." खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत त्यानं मान वर केली नाही. "पन म्या सांगतलं. सेवादासचं नाव. पाच दिस मारलं. साहव्या दिशी म्या म्हनलं, सेवादास यायचा माह्याकडं. थो दूर हाये, त्याले काय होते, असं वाटलं. नाटक लिवनं लय सोपं होतं, बाई."

'जाऊ दे, काही नाही,' असं कमलीबाई म्हणाली नाही. काही नाही, असं नव्हतंच. तिनं विचारलं, "सेवादासच्या घरी जाऊन आला?"

"हिंमत नाई होत."

"जाय. दार लावून घेईन थो. तरी जाय."

मास्तर तोंड झाकून रडू लागला. कमलीबाई त्याच्या शेजारी बसून राहिली. तेवढ्यात अंगणात पावलं वाजली. सोनीबाई उभी होती. कमलीबाईच्या मागोमाग दोन कोस चालत आली होती, अंतर राखून. कमलीबाईकडं न पाहता ती मास्तरला म्हणाली,

"मास्तर, कागद कराचा हाये. माह्या याडीले, रामीले, उनानं नाई मारलं. मानसाइनं मारलं. कोनी मारलं, थे लिवाचं. सरकार बदललं म्हंतात. पाहू, आयकते का."

"साक्ष लागन," मास्तर म्हणाला. "नायकाच्या भेवानं कोन देईन साक्ष?"

"मी देतो," कमलीबाई म्हणाली.

मास्तरनं आतून दौत-टाक आणि कागद आणला. वर तारीख घातली. रामीबाईचं नाव लिहिलं. "मारनाराइची नावं सांग, बाई. एकेक करून."

"नायक होता. भगत होता. अजून दोघं पंच होते, सांगतो त्याइचीबी," कमलीबाई म्हणाली. "पन सगळ्यात पयलं माहं लिव."

मास्तरचा टाक थांबला. "तुहं कसं लिवू, बाई? तुले तं बांधलं होतं. धूर देल्ला होता. तुले साक्षीदार लिवतो."

"माह्या तोंडाले तिचं नाव आलं नसतं, तं रामी आज जिती असती. पयलं माहं लिव."

मास्तरनं सोनीबाईकडं पाहिलं. ती ओसरीच्या खांबाला टेकली होती. पहिल्यांदाच तिनं नजर वळवली आणि कमलीबाईच्या तोंडाकडं पाहिलं, बराच वेळ. कापलेले केस पुन्हा वाढले होते, पण विरळ, पांढरे. सोनीबाईच्या डोळ्यांत माया नव्हती; रागही आता उरला नव्हता.

"लिवा, मास्तर," ती म्हणाली.