एक बटण, एक महिना

मास्तरांनी पत्ते पिसले, मुलाला आणि मुलीला पाच-पाच वाटले आणि दोघांपुढे बारा-बारा बटणं मोजून ठेवली.

"एक बटण, एक महिना," ते म्हणाले. "जो जितकी हरेल, तितके महिने मी त्याच्याकडे. एकच डाव. पुढचं पुढे."

शिवणकामाचं दुकान विकून झालं होतं, वरची खोली पहिल्या तारखेला सोडायची होती, आणि बाप कुणाकडे राहणार या प्रश्नावर दोघंही सकाळपासून मूग गिळून बसली होती. भांडी कोण घासणार, खिडकीशी कोण झोपणार, असले या घरातले सगळे तंटे पोकरवरच मिटत आलेले. म्हणून मास्तरांनी थट्टेनं पत्ते काढले. कुणीतरी म्हणेल, बाबा, हे काय भलतंच, अशी त्यांची भाबडी आशा होती. दोघांनीही निमूटपणे पत्ते उचलले.

मुलानं तीन पत्ते बदलले, मुलीनं दोन. एकेक करत दोघांची चार-चार बटणं मध्ये आली. मग मुलानं उरलेली आठही पुढे सरकवली. आता त्याचे पत्ते बघायचे, तर मुलीलाही आपली आठ लावावी लागणार होती; पत्ते टाकले, तर मधली चारच जाणार होती.

मुलीचा हात थबकला. दादा पहिल्यापासून सशाच्या काळजाचा. हातात पत्ते असल्याशिवाय त्यानं कधी एक बटण जास्त लावलं नव्हतं. ती त्याच्या अगदी उलट. "दाखव बघू," म्हणून भल्याभल्यांना उघडं पाडायची. पण तेव्हा हरलं, तर फार तर भांडी घासावी लागत.

"म्हणजे वर्ष होतं," ती म्हणाली.

"हो." दादानं मान वर केली नाही.

तिनं हातातले पत्ते पुन्हा पाहिले. मग मास्तरांकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"नकोच," ती म्हणाली आणि पत्ते पालथे टाकले. "चार महिने घेते मी."

"चार महिने काय, हां हां म्हणता जातील," मास्तर म्हणाले.

न दाखवलेले पत्ते कुणी बघायचे नाहीत, हा त्यांनीच घालून दिलेला नियम. आज गोळा करता करता त्यांनीच तो मोडला. दादाच्या हातात दुर्री, तिर्री, नुसता कचरा होता. ते त्यांना समजलं. भित्रा माणूस कोंडीत सापडला की शूर होतोच. पण मुलीच्या हातात तीन राण्या होत्या. नुसत्या बटणांसाठी तिनं तीन राण्या जन्मात टाकल्या नसत्या. त्या राण्या मास्तरांना बघवेनात.

"बाबा, काय होतं हो दादाकडे?"

दादा खाली मान घालून आपली बटणं डब्यात भरत होता. त्याचे हात थांबले.

"तीन राजे," मास्तर म्हणाले आणि सगळे पत्ते एकत्र पिसून टाकले. "वाचलीस."

"वाटलंच होतं मला," ती म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदाच हसली.