सतरा नंबरची चिठ्ठी

माझ्यासारखी भित्री बाई अख्ख्या घाटकोपरात नसेल. भाजीवाल्याने किडकी वांगी घातली तरी मी निमूट घरी आणायचे. पण चाळीत लग्न निघालं की तांदूळ निवडायला पहिली हाक मला. सुलक्षणाच्या हातून खडा सुटत नाही म्हणायच्या बायका. यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलं नाही.

चौऱ्याऐंशी साली औषधाच्या कारखान्यात टेम्पररी लागले. इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या दिव्यासमोर धरून उलट्या करायच्या, आत कचरा दिसला की बाजूला काढायच्या. ट्रे संपला की वर आपल्या नंबरची चिठ्ठी ठेवायची. माझा नंबर सतरा. त्या शनिवारी कायम होणाऱ्यांची यादी लागणार होती. घरी गिरणी सुटलेला नवरा बसून. मला ती यादी किती हवी होती ते काय सांगू.

गुरुवारी अर्ध्या ट्रेतच पाच कुप्यांत काचेचे कण निघाले. तेवढ्यात आमचे सुपरवायझर बॅप्टिस्ट आले. माल न्यायची गाडी खाली उभी होती. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. राहिलेल्या अर्ध्यावर न बघताच चिठ्ठी ठेव म्हणाले, आणि कायमची यादी आपल्याच हातात आहे, हेही ऐकवलं.

सवयीने माझा हात चिठ्ठीकडे गेला. मग मला माझाच राग आला. किडकी वांगी मी गिळली, ती माझ्या घरची होती. पण लोकाच्या लग्नाच्या तांदळात दिसलेला खडा कधी सोडला होता का? तिथे घाई करणाऱ्या यजमानीणबाईंनाही मी दाद देत नसे. आणि हे तर कुणाच्या तरी दंडात जाणार होतं.

हात मागे घेतला. म्हटलं, "साहेब, न बघता माझा नंबर लागणार नाही."

त्यांनी ट्रे उचलून शेजारच्या प्रेमासमोर आपटला. प्रेमाने माझ्याकडे पाहिलं, दिवा पुढे ओढला आणि पहिली कुपी उचलली. मीही त्याच ट्रेतल्या निम्म्या घेतल्या. आणखी नऊ खराब निघाल्या. गाडी तासभर उशिरा सुटली.

शनिवारी यादीत प्रेमाचं नाव होतं. माझं नव्हतं. तोंड उघडलं होतं ते मी. रडू आलं. एरवी पदराने डोळे पुसून सरळ घर गाठलं असतं.

त्या दिवशी ॲप्रन न काढताच मॅनेजरच्या खोलीत गेले. माझं नाव का नाही, ते विचारायला आलेय, म्हटलं. त्यांनी वर न बघताच सोमवारी यायला सांगितलं.

समोर खुर्ची रिकामी होती. कुणी बस म्हटलं नव्हतं, तरी बसले.

"तुमचं काम होऊ दे," मी म्हटलं, "मी थांबते."