बापाच्या नावाची दुरुस्ती

"दुसरं काय बी सांग, पिराजी. एवढं नको सांगू," असं म्हणून उम्मेहानी पाखडायचं सूप घेऊन उठली आणि आत चुलीपाशी जाऊन बसली. ती आत गेली म्हणजे विषय संपला, हे पिराजीला आता पाठ झालं होतं. तरी तो ओसरीवर बसून राहिला. उठून घरी जावं, तर घरी बायको दारातच उभी असणार आणि तोंडाकडे बघूनच तिला सगळं कळणार.

त्याचं मागणं ऐकून परक्याला हसू आलं असतं. उम्मेहानीनं वडगावला कचेरीत चलावं आणि अव्वल कारकुनापुढे एवढंच सांगावं, की हा पिराजी माझा मुलगा नाही. आणि तो तिचा मुलगा नव्हताच. तो गल्लीपलीकडच्या अंबाजीचा, बयाबाईच्या पोटचा. उभ्या टाकवे गावाला ही गोष्ट ठाऊक होती. पण तेवढं एक वाक्य म्हातारीच्या तोंडून निघत नव्हतं.

त्याचं असं झालं होतं. बयाबाईची आधीची चार मुलं वर्षाच्या आत गेली. पाचवा पिराजी. बाराव्या दिवशी बयाबाईनं त्याला सुपात घातलं, वर फडकं टाकलं आणि समोर सरदार मुलाण्याच्या दारात नेऊन त्याच्या बायकोला विकलं. उम्मेहानीनं ओंजळभर तांदूळ मोजले, पोर घेतलं, आणि लगेच परत बयाबाईच्या मांडीवर दिलं. म्हणाली, हा आमचा, तुमी नुसता संभाळा. आता मरण बयाबाईचं पोर शोधत आलं, तर त्याला त्या घरात बयाबाईचं पोर सापडायचंच नाही. हात हलवत परत जाईल.

असा सौदा केला की तो पाळावा लागतो. पिराजी मुलाणीणीला अम्मा म्हणू लागला आणि जन्म दिलेल्या आईला मावशी. त्याच्या लग्नात आई सूपभर तांदूळ आणि लुगडं देऊन त्याला परत विकत घेणार, आणि त्या दिवशी तो तिला पहिल्यांदा आई म्हणणार, असं ठरलेलं होतं. तोवर परक्या माणसानं बापाचं नाव विचारलं, तर सरदारचं सांगायचं. वैद्यानं विचारलं तरी, नावाड्यानं विचारलं तरी. बयाबाईनं हे त्याच्याकडून इतक्या वेळा घोकून घेतलं होतं, की झोपेत विचारलं तरी तो सरदारच सांगायचा.

उम्मेहानीला स्वतःचं मूल झालं नाही. घेतलेलं ते एवढंच.

मोठ्या लढाईच्या दिवसांत पिराजी बाजाराला म्हणून लोणावळ्याला गेला आणि स्टेशनाजवळच्या मैदानात भरती चालली होती तिथं जाऊन उभा राहिला. छाती मोजली, दात बघितले आणि लिहिणाऱ्यानं विचारलं, बापाचं नाव? पिराजी काही गोंधळला नाही. लढाईवर निघालेल्या माणसानं बापाचं खरं नाव सांगायचं म्हणजे मरणाला घरचा पत्ता देण्यासारखंच होतं. त्यानं खणखणीत आवाजात सांगितलं, सरदार मुलाणी. लिहिणाऱ्यानं 'पिराजी वल्द सरदार' लिहिलं आणि जातीच्या जागी आपल्या मनानंच मुसलमान लिहून टाकलं. गडी मुसलमानांच्या कंपनीत गेला. हे त्याच्या ध्यानात आलं ते पंगतीला बसल्यावर. त्यानं हवालदाराला आपली हकीकत सांगितली, तेव्हा हवालदार म्हणाला, आता जेवलायस ना, मग गप बस, नाव लढाई संपल्यावर बघू.

पुढं बसऱ्याच्या बाजूला त्यानं दोन वर्षं काढली. डावीकडचा गेला, उजवीकडचा गेला, याला ओरखडा नाही. टाकव्यात बसलेल्या उम्मेहानीला त्यात नवल वाटलं नाही. मरण रोज त्या फौजेत अंबाजीच्या पोराला शोधत असणार आणि तिथं त्या नावाचा कोणी नव्हताच.

तो परत आला तेव्हा बयाबाई त्या सालच्या तापात गेलेली होती. परत विकत घ्यायचं ते आईनंच. त्यामुळे त्याच्या लग्नात सूप कोणी भरलं नाही आणि तो विकलेला तसाच राहिला. अंबाजीला विचारलं तर तो म्हणायचा, ते बायकांचं असतं, मला काय कळतंय. लोक विसरले. पिराजी मात्र विसरू शकला नाही. ज्या बाईनं त्याच्या जिवासाठी स्वतःचं आईपण विकलं, तिला त्यानं एकदाही आई म्हणून हाक मारली नव्हती, आणि आता ती ऐकायला नव्हती.

एवढ्यावर भागलं असतं. पण मागल्या साली अंबाजी वारला आणि त्याचा पुतण्या दत्तोबा जागा झाला. दत्तोबा गावचा पोलीस पाटील. त्यानं कचेरीत अर्ज दिला, की चुलता निपुत्रिक वारला, जमीन माझ्याकडं यावी. पिराजी कोण? तो तर सरदार मुलाण्याचा. मी म्हणत नाही, त्यानंच सरकारला सांगितलंय, पलटणीचा कागद आहे. हा कागद दत्तोबाला कसा ठाऊक? पिराजीनंच कौतुकानं दाखवला होता, वर चहा पाजून.

गावानं साक्ष द्यायची, तर पाटलाच्या विरुद्ध अंगठा उठवायला कोणी तयार होईना. जो तो म्हणे, आमाला ठावं हाये रं, पर आमाला मधी घेऊ नको. पिराजी लोणावळ्याला अर्ज लिहिणाऱ्याकडं गेला. त्यानं पलटणीच्या कचेरीला नीट अर्ज लिहून दिला. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं, की दुरुस्ती होईल. परंतु बापाचं नाव तुम्ही स्वतः सांगितलं आहे, तरी त्या गृहस्थानं किंवा त्याच्या पत्नीनं तालुक्याच्या कचेरीत समक्ष जबाब द्यावा, की हा आमचा मुलगा नव्हे. सरदार कधीच मातीआड झाला होता. राहता राहिली उम्मेहानी.

तर असा हा ओसरीवर बसलेला माणूस. नोकरी खरी, पदक खरं, अंगावरचं ऊन खरं. फक्त ज्याची ती नोकरी, तो माणूस कागदावर दुसराच. आणि त्या दुसऱ्याच्या तावडीतून सुटायचं, तर या म्हातारीच्या काळजावर पाय द्यायचा.

तो उठून आत गेला आणि चुलीपाशी तिच्यासमोर बसला. म्हणाला, "अम्मा, दोन साल म्या गोळ्यांत काढली. कुनी बोलल्यानं मानूस मरत न्हाई."

"गोळ्यांत कुनाच्या नावावर काढली?" ती म्हणाली. "मी न्हाई म्हनलं की सुटलास तू माज्या हातनं. मग तुला धरनार कोन? बया हाये का आता?"

खरं सांगायचं तर पोटातून त्यालाही भीती वाटत होती. चाळिशीचा, मुलाबाळांचा, जग बघितलेला माणूस. पण बाप म्हणून अंबाजीचं नाव तोंडातून काढताना आजही त्याची जीभ अडायची.

दोन दिवसांनी दत्तोबानं नदीकडच्या तुकड्यात औत घातलं. निकाल लागायच्या आधीच. पिराजीची बायको नंदाबाई धावत गेली, बैलांच्या पुढं उभी राहिली, दत्तोबाला नाही नाही ते बोलली. पिराजी बांधावर नुसता उभा होता. हातघाई करावी, तर पोलीस पाटलावर हात उचलला म्हणून आत टाकतील. न करावी, तर बापानं दगड वेचून केलेलं रान डोळ्यांदेखत जातंय. उम्मेहानी नदीवरून पाणी घेऊन येत होती. तिनं ते बघितलं. त्याचे दोन्ही बाजूंना लोंबणारे हात बघितले आणि घराकडं निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डोक्यावर पांढरी चादर घेऊन त्याच्या दारात उभी राहिली. म्हणाली, चल वडगावला. पण बोलताना तू माझ्या पुढं उभा राहायचं नाही.

म्हणून तो कचेरीच्या दाराबाहेर भिंतीला टेकून उभा राहिला. आत अव्वल कारकून वयस्क आणि सभ्य होते. त्यांनी म्हातारीला खाली बसायला सांगितलं, नाव-गाव विचारलं, शपथ दिली. तिनं सुपाची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "म्हणजे हा तुमच्या पोटचा नाही."

"पोटचा न्हाई."

"मग तुमचा मुलगा नाही, असं लिहू?"

आत टाक दौतीवर टेकल्याचा आवाज आला. ती लिहू नका म्हणाली तर जमीन जाणार होती आणि लिहा म्हणाली तर काय जाणार, ते त्याला नीट सांगता आलं नसतं.

"बाई, पलटणीला तेवढंच हवंय," कारकून म्हणाले. "बाकीचं मला कळलं."

"लिवा," ती म्हणाली. "माजा न्हाई. अंबाजीचा हाये."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, म्हणजे अंगठा घेतला असावा. ती बाहेर आली तेव्हा अंगठ्यावरची शाई चादरीला पुसत होती. तिनं आधी त्याला डोक्यापासून पायापर्यंत बघून घेतलं. तो उभा होता, धड होता.

पावतीचा कागद खिशात घालून तो तिच्याबरोबर निघाला. काम झालं होतं. महिन्या-दोन महिन्यांत पलटणीच्या दप्तरात अंबाजी लागणार होता, दत्तोबाला औत काढून घ्यावं लागणार होतं. त्याला आनंद व्हायला हवा होता. तो तिचा हात धरायला वळला.

"चल अम्मा, हळू चल."

तिनं हात मागं घेतला. "अम्मा म्हनू नको आता. सरकारम्होरं बोलून आले मी. पुन्हा तसलं कानावर पडलं कुनाच्या, तर माजं बोलनं खोटं व्हईल आन तुजी जमीन जाईल."

"मग काय म्हनू?"

तिला ते सुचलं नाही. तिनं रस्त्याकडं बोट केलं. "तू म्होरं चाल. मला दिसला पायजे."

कान्हे गावच्या वाटेला लागल्यावर रस्ता मोकळा होता. तो पुढं, ती मागं. एक बैलगाडी समोरून आली तेव्हा तिनं मागून सांगितलं, बाजूला हो. ओढ्याच्या दगडावर त्यानं पाय ठेवला तेव्हा म्हणाली, शेवाळ हाय, बघून. त्यानं तिला हाक मारून काही बोलावं, तर हाकेला शब्द उरला नव्हता. एकीला मावशी म्हणता म्हणता ती गेली, आणि जिला अम्मा म्हणत होता तिच्याकडून त्यानं आज स्वतःच नाही म्हणवून घेतलं होतं. बापाचं नाव दुरुस्त झालं होतं.

उन्हं चढली. मागून तिला धाप लागल्याचं ऐकू येऊ लागलं. बस म्हटलं तर ती बसणार नव्हती. पिराजी मागं वळला नाही. त्यानं पावलं आखूड केली.