इंजिनातल्या बांगड्या

वजीरमिस्त्रीचे कान गेले होते आणि ही गोष्ट फक्त वजीरमिस्त्रीला माहीत होती. सांगली-मिरज रस्त्याला विश्रामबागेच्या अलीकडं त्याचं दुचाकीचं गॅरेज. तीस वर्षं लोक तिथं यायचे ते त्याच्या हातांपेक्षा त्याच्या कानांसाठी. गाडी रस्त्यावरून वळून आत येईपर्यंत तो सांगून मोकळा व्हायचा, हिची चेन घासते, हिचं बेअरिंग गेलंय. लाकडी मुठीचा लांब स्क्रू-ड्रायव्हर इंजिनाला टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. समोर उभा असलेला माणूसही उगाच श्वास धरून थांबायचा.

गेल्या दोन वर्षांत बारीक आवाज एकेक करून त्याला सोडून गेले. आधी घड्याळाचा गजर, मग मोबाइलची रिंग, मग कुकरची शिट्टी. जाड आवाज शाबूत होते, त्यामुळं जगाला फसवणं सोपं गेलं. बायको रहिमतबी जेवायला हाका मारून दमली की म्हणायची, कामात बुडाला की ह्या माणसाला दुनिया दिसत नाही. वजीर ते खोडून काढायचा नाही. आपल्याकडं माणसाला एकदा नाव मिळालं की ते त्याच्या मानगुटीवर बसतं, उतरता उतरत नाही. ‘वजीरचा कान’ असं सांगलीभर बोललं जायचं, आणि तो कानच गेला म्हटल्यावर वजीर म्हणून मागं काय उरतं, ह्या विचाराची त्याला भीती वाटायची. डॉक्टरकडं जायचं तर डॉक्टर ओळखीचा निघणार. म्हणून तो गेलाच नाही.

अशात एके दिवशी इस्लामपूरहून राजवर्धन आला. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी, वय सव्वीस-सत्तावीस, आणि जीव सगळा एका जुन्या टू-स्ट्रोक गाडीवर. पाठीवरच्या पिशवीतून त्यानं एक चकचकीत सायलेन्सर काढून बाकावर ठेवला.

“चाचा, चढाला गाडी मरती. दर रविवारी आमी साताऱ्याला यवतेश्वरच्या घाटात जातो, तर नवी पोरं मागनं येऊन पुढं निघून जात्यात. ह्यो लावा आन् ह्याची पुंगळी काढून टाका.”

पुंगळी म्हणजे सायलेन्सरच्या पोटातली, आवाज दाबून धरणारी नळी. ती काढली की गाडी अख्ख्या गल्लीला उठवते.

“पुंगळी काढून निस्ती बोंबलंल ती, पळणार न्हाई,” वजीर म्हणाला. “आन् साताऱ्याच्या चौकात पोलीस धरतील, सायलेन्सर काढून घेऊन रोडरोलरखाली घालतील. तुला आवाज पायजे का वढ पायजे, ते आदी सांग.”

“वढ पायजे.”

“मग नीट ऐक. धूर भाईर जायची वाट आन् हवा आत यायची वाट, दोनी संगंच मोकळ्या कराय लागत्यात. निस्ती मागची मोकळी केलीस तर आत हवा पुरत न्हाई. दोनी केल्यास तर हवा एवढी येती की पेट्रोल कमी पडतं. मग कार्बोरेटरचा जेट मोठा बसवाय लागतो, म्हंजे पेट्रोल वाढतं. तिन्ही जमलं तर गाडी उडती. एक चुकलं तर इंजिन भाजतं.”

यातला शब्द न् शब्द खरा होता. राजवर्धनचा तो चकचकीत सायलेन्सर वजीरनं पिशवीत परत कोंबायला लावला. त्याऐवजी मधे फुगीर आणि शेवटाला निमुळता असा पाइप निवडला, तो असल्या इंजिनाला मागून जोर देतो. हवेचा जुना डबा काढून तिथं निमुळत्या तोंडाचा मोकळा फिल्टर बसवला. दोन दिवस तो ह्या कामात रमला होता. नुसता आवाज मागायला आलेल्या पोराला त्यानं खरी ताकद दिली, आणि पुढं आयुष्यभर त्याला हेच डाचणार होतं, की तेव्हा गुमान पुंगळी काढून दिली असती तर बरं झालं असतं.

जेटचा, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी नळीचा, नंबर ठरवायला ते कवलापूरच्या रिकाम्या रस्त्यावर गेले. हत्यारांची पेटी घेऊन स्कूटरवरून अर्फा आली. ही वजीरची मुलगी, ऑटोमोबाइलचा डिप्लोमा झालेली, विश्रामबागेतल्या एका शोरूमच्या सर्व्हिस विभागात नोकरीला. सुट्टीच्या दिवशी बापाच्या हाताखाली राबायची. दोनच दिवसांपूर्वी चुलतभाऊ अफताबचं लग्न झालं होतं, त्यामुळं तिचे हात मनगटापासून वरपर्यंत हिरव्या काचेच्या बांगड्यांनी भरलेले होते.

वजीरनं आधी सगळ्यात मोठा जेट घातला आणि गाडी पळवून आणली. वरच्या वेगाला इंजिन घोरत होतं, म्हणजे पेट्रोल जास्त. त्यानं एक नंबर उतरवला, तरी थोडी घरघर राहिली. आणखी एक नंबर उतरवला आणि घरघर पार गेली. गाडी अशी सुटली की त्याला हँडल घट्ट धरावं लागलं. परत येताना तो स्वतःशीच हसत होता. किती तरी महिन्यांनी त्याला वाटलं, कान परत आला.

गाडी थांबवली तशी अर्फा जवळ आली.

“अब्बा, माझ्यासमोरनं गेला तवा बांगड्या वाजल्यागत वाटलं.”

पळत्या इंजिनाला पेट्रोल कमी पडलं की आतून बारीक किणकिण येते. वजीरच्या उस्तादानं तिला बांगड्या म्हणायला शिकवलं होतं. बांगड्या वाजल्या की गाडी पुढं न्यायची नाही, हा त्या गॅरेजचा पहिला नियम, आणि अर्फाला तो शाळेत जायच्या आधीपासून पाठ होता.

वजीरनं तिच्या हातांकडं बघितलं आणि तो हसला. “दोन-दोन डझन भरून आलीयास. तुझ्याच वाजल्या असतील.”

राजवर्धनही हसला. अर्फानं हात खाली सोडले, बांगड्या खरोखरच वाजल्या, आणि तिची तिलाच शंका आली.

“तरी प्लग काढून बघू का? पाच मिनटं लागतील.”

प्लगचं टोक खोटं बोलत नाही. बिस्किटाच्या रंगाचं असलं तर ठीक, काळं असलं तर पेट्रोल जास्त, पांढरं पडलं तर इंजिन भाजतंय. ही तपासणी वजीरनंच तिला शिकवली होती. पण आज गिऱ्हाइकासमोर, कान परत आल्याच्या आनंदात, मुलीनं पडताळा घ्यावा हे त्याला झोंबलं.

“प्लग बघून गाडी लावाय मी काय शोरूमवाला हाय व्हय?”

“आवं ताई, चाचांचा कान हाय,” राजवर्धन म्हणाला. “प्लग कशाला मधी?”

अर्फानं बांगड्या कोपराकडं सारल्या आणि पेटी मिटली. काढलेले दोन्ही मोठे जेट वजीरनं शर्टाच्या खिशात टाकले. राजवर्धन गाडीवर बसून इस्लामपूरकडं निघाला, तेव्हा दोघंही बाप-लेक तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले.

रविवारी सकाळी यवतेश्वरच्या घाटात, तिसऱ्या वळणाच्या चढावर, राजवर्धन सगळ्यांच्या पुढं होता. पूर्ण वेगात इंजिन जाम झालं आणि मागचं चाक जागच्या जागी धरलं गेलं. अशा गाड्यांवरची जुनी माणसं दोन बोटं कायम क्लचवर ठेवतात, कारण इंजिन धरल्यावर क्लच दाबायला क्षणभरच मिळतो. राजवर्धनला तो मिळाला नाही. गाडी आडवी होऊन कठड्यावर गेली आणि डावा पाय मधे सापडला. साताऱ्याच्या एका खाजगी दवाखान्यात मंगळवारी त्याचा पाय गुडघ्याखालून काढला.

गुरुवारी गाडी टेम्पोतून गॅरेजला आली. आणणारा मित्र म्हणाला, राजवर्धन म्हणतोय पेट्रोलात तेल कमी पडलं असणार, चूक त्याचीच. जमलेल्या लोकांनीही माना हलवल्या. टू-स्ट्रोकला पेट्रोलातच तेल मिसळावं लागतं, त्यामुळं इंजिन गेलं की ठपका तेलावरच येतो, आणि वजीरनं लावलेली गाडी म्हटल्यावर दुसरं कुणाच्या मनात येणार तरी कसं?

लोक पांगल्यावर वजीरनं प्लग काढला. तो चुन्यासारखा पांढरा होता. इंजिनाचं हेड उघडलं तर पिस्टनच्या माथ्याला भोक पडलेलं. आत तेलाचा ओशटपणा मात्र व्यवस्थित होता. वजीर ते बघत बसून राहिला. किती वेळ गेला कुणास ठाऊक, अर्फा पुढ्यात येऊन उभी राहिली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते.

“अब्बा, मी मागं उभी हाय मघापासनं. तुमच्या कानाजवळ हात नेऊन पाच वेळा बांगड्या वाजवल्या.”

वजीरनं हातातला प्लग खाली ठेवला.

“कवापासनं?”

त्यानं दोन बोटं दाखवली.

“दोन म्हैनं?”

“वरसं.”

ती त्याच्याशेजारी जमिनीवर बसली. तिला त्याचा राग आला होता आणि कीवही आली होती, आणि स्वतःचा राग त्याहून जास्त आला होता, की त्या दिवशी हट्ट धरून प्लग का काढला नाही. मग ती म्हणाली, “त्याला सांगाय पायजे.” वजीरनं चार दिवस काढले. ह्या चार दिवसांत दोन गिऱ्हाइकं गाडीचा आवाज ऐकवायला आली, त्यांना त्यानं उद्या या म्हणून सांगितलं. जेवण जात नव्हतं. गप्प राहिलं तर कुणाला काही कळणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि त्यामुळंच त्याची झोप उडाली होती.

सोमवारी बाप-लेक एसटीनं साताऱ्याला गेले. खिडकीजवळच्या खाटेवर राजवर्धन पडला होता, दाढी वाढलेली. त्याची आई हरणाबाई पायाशी बसली होती. तिनं उठून वजीरला स्टूल दिलं.

“लांबनं आलासा, भाऊ.”

“चाचा, तेल कमी पडलं बगा,” राजवर्धनच आधी बोलला. “तुमी एवढी झकास गाडी करून दिली आन् मी घालवली.”

वजीरनं हात जोडले. “तेल बरोबर हुतं, पोरा. जेट बारीक पडला. माझा कान गेलाय. इंजिन बोंबलत हुतं आन् मला ऐकू आलं न्हाई. अर्फाला आलं, तर मी तिला गप केलं.”

एवढं बोलायला त्याला दोन वर्षं लागली होती. राजवर्धनची नजर चादरीवर गेली, जिथं ती डाव्या बाजूला सपाट होत होती तिथं. मग त्यानं मान खिडकीकडं फिरवली आणि तसाच, पाठमोरा, काहीतरी बोलला.

वजीरला त्याचे खांदे तेवढे दिसले. शब्द आले नाहीत. पण आवाज चढलेला नव्हता, शिवी असती तर ती जाड आली असती. असू द्या चाचा, नशिबात हुतं, असंच काहीसं पोरगं म्हणालं असणार. वजीर हसला आणि त्यानं दोन-तीनदा मान डोलावली.

राजवर्धननं वळून ते हसू बघितलं आणि डोळे मिटले. हरणाबाई उठली. “जावा तुमी आता,” ती म्हणाली, आणि हे वजीरला स्पष्ट ऐकू आलं. पेशंटच्या आरामाची वेळ झाली असंल, म्हणून तो लगेच उठला.

जिन्यावरून उतरताना त्याला किती तरी हलकं वाटत होतं. “पोराचं मन लय मोठं हाय,” तो म्हणाला. “असं कोण म्हणतं आजकाल?”

अर्फा पायरीवर थांबली. तिचा चेहरा बघून तोही थांबला. ती जवळ आली आणि तोंड त्याच्या कानाशी नेऊन, एकेक शब्द सुटा करून बोलली.

“त्यानं इचारलं, कान गेलाय हे गाडी माझ्या हातात देताना तुमाला ठावं हुतं का. आन् तुमी हसून व्हय म्हणून मान हलवली.”

वजीर गर्रकन वळला. चार पायऱ्या चढलासुद्धा. “मी सांगतो त्याला, मला ऐकू आलं न्हाई म्हणून. मी त्यासाटी हसलो न्हाई.”

“सांगा,” अर्फा खालून म्हणाली, त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. “आन् त्यानं परत तेच इचारलं तर?”

वजीर कठड्याला धरून उभा राहिला. वरून एक नर्स उतरत आली, त्याच्याकडं बघून बाजूनं निघून गेली. मग तो तिथंच पायरीवर बसला.

“व्हय म्हणाय लागंल,” तो म्हणाला.