वरचा एकच दात

आमच्या यांच्या वरच्या जबड्यात पुढे एकच दात उरला होता, आणि त्या एका दाताने अख्ख्या घराच्या नाकी नऊ आणले होते. तिरका, चहाने पिवळा पडलेला. त्याचे शेजारी एकेक करून गेले तेव्हा या माणसाने हूं की चूं केलं नाही. हा हलायला लागला मात्र, आणि घरावर सुतकी कळा आली.

कारण काय, तर सॅक्सोफोन. हे तरुणपणापासून जॅझ वाजवतात. आता नातवंडांना मिशा फुटल्या, तरी दर रविवारी दुपारी एका हॉटेलच्या तळघरातल्या बारमध्ये यांचा चौघा म्हाताऱ्यांचा बँड असतोच. एक पियानो, एक ड्रम, दोन सॅक्सोफोन. सॅक्सोफोन नुसत्या ओठांनी वाजतो असं लग्न होईपर्यंत मलाही वाटायचं. तसं नाही. त्याचा चोचीसारखा माउथपीस वरच्या दातांनी दाबून धरायचा असतो. हे म्हणतात, सूर दातातून हाडात शिरतो आणि हाडातून डोक्यात, तेव्हा कुठे आपण काय वाजवतोय ते आपल्याला कळतं. यांच्या डोक्यात काही शिरत नाही ही तर माझी जुनी तक्रार, पण ते राहू दे.

दातांची डॉक्टर चांगली मुलगी आहे. तिने बोटाने दात हलवून पाहिला आणि म्हणाली, आजोबा, हा आता केवळ तुमच्या हट्टावर उभा आहे, काढून टाकू आणि वर पूर्ण कवळी बसवू. यांनी विचारलं, कवळीने सॅक्सोफोन वाजेल का? तिने प्रामाणिकपणे सांगितलं की मला माहीत नाही. झालं. हे खुर्चीतून उठले ते छातीला लावलेला रुमाल तसाच घेऊन रस्त्यावर.

मग सुरू झाली त्या दाताची बडदास्त. घरात जे शिजेल ते मिक्सरमधून जायला लागलं. बटाटा कुस्करलेला, सफरचंद कुस्करलेलं, आणि एके दिवशी मी रागाच्या भरात बिस्किटंही कुस्करून वाडग्यात वाढली, तर म्हणे छान झालंय. गार नको, गरम नको. कुशीवर झोपायचं नाही, उशी दाताला लागते. मला तर हसवायचीही बंदी झाली, कारण हसताना ओठ दातावर आपटतो. इतकी वर्षं मी यांना सांभाळलं, पण यांच्या एका दाताचा सासुरवास सोसावा लागेल असं वाटलं नव्हतं.

एकदा दुपारी सॅक्सोफोन पुसता पुसता म्हणाले, "हा गेला की मी थांबणार. पुन्हा विषय काढायचा नाही."

मी म्हटलं बरं झालं, शेजारी पेढे वाटतील. असं म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून उभी राहिले. मागे यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं तेव्हा काही महिने वाजवणं बंद होतं. दाढी करायचे नाहीत. खिडकीशी बसायचे आणि मी काही विचारलं की "तू म्हणशील तसं" म्हणायचे. उभ्या जन्मात कधी तू म्हणशील तसं न केलेला माणूस! मला तेव्हा फार भीती वाटली होती. ती भीती परत घरात यायला मला नको होती.

त्यात तो दुसरा सॅक्सोफोनवाला. त्याला सगळे हीरो म्हणतात, आणि वाईट म्हणजे त्यालाही ते पटतं. यांच्याहून मोठा, पण केस डांबरासारखे काळे, कोटाच्या खिशात लाल रुमाल, आणि तोंडभर पांढरेशुभ्र दात. हसायचा तर असा, की समोरच्याने मोजून घ्यावेत. यांचा दात हलतोय हे कळल्यावर मला म्हणतो, "वहिनी, मी अजून अक्रोड दाढेखाली फोडतो, बरं का." मला वाटलं होतं की एक अक्रोड द्यावा आणि म्हणावं, फोड. हे घरी आल्यावर जेवले नाहीत. दाताचं दुःख होतंच, पण तो हीरोसमोर जाणार याचं जास्त.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम बरोबर गेले. अगदी पुढच्या टेबलाशी बसले. गर्दी बरी होती. शेजारच्या टेबलावर तीन नटलेल्या बायका होत्या आणि हीरो वाजवता वाजवता त्यांच्याकडे बघून भुवया उडवत होता. पहिली दोन गाणी नीट पार पडली. तिसरं संथ होतं, त्यात मधला भाग यांचा एकट्याचा. हे डोळे मिटून उभे राहिले आणि वाजवायला लागले. खोटं कशाला बोलू, या माणसावर मी आयुष्यभर चिडले, पण तो भाग वाजवत असताना कधीच चिडता आलं नाही.

आणि मध्येच सॅक्सोफोन केकाटला. यांनी माउथपीस तोंडातून काढला आणि तळहातावर काहीतरी थुंकलं. लोकांना वाटलं वाद्याचं काही बिघडलं. पियानोवाला शहाणा, तो त्याच चार ओळी फिरवून फिरवून वाजवत राहिला. यांनी तळहाताकडे पाहिलं, मूठ मिटली, आणि गळ्यातला पट्टा सोडायला लागले.

हीरो सरकत यांच्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, थांबू नकोस, वाजव. यांनी नकारार्थी मान हलवली. मी पुढेच होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"तुला काय कळणार," हे म्हणाले, "तुझे बत्तीसच्या बत्तीस शाबूत आहेत."

हीरोने एकदा यांच्याकडे पाहिलं, एकदा त्या तीन बायकांकडे. मग त्याने तोंडात बोटं घातली आणि वरची कवळी काढून पियानोवर ठेवली. मग खालची. त्याचा तो देखणा चेहरा बघता बघता निम्मा झाला, गाल आत, हनुवटी नाकाला भेटायला निघालेली. शेजारच्या टेबलावर कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. हीरोचे कान लाल झाले होते, पण तो वळला नाही.

"किती वर्षं?" यांनी विचारलं.

"तुझ्या मुलाच्या लग्नाआधीपासून," तो म्हणाला. शब्दांतून वारा सुटत होता. "कवळीनेही वाजतं, पण सूर हाडात शिरत नाही. घरी अशीच काढून वाजवतो. वरचा ओठ आत घे, हिरडीवर दुमड, आणि त्यावर धर. दुखेल. बघ."

आणि त्याने वाजवून दाखवलं. सूर फाटका होता, कडेने हवा गळत होती, पण सूर होता. हे टकमक बघत राहिले. मग हसायला लागले, त्या मोकळ्या हिरड्या सगळ्यांना दाखवत, पोट धरून. किती दिवसांनी हसले ते मला ठाऊक. पट्टा परत अडकवला, ओठ दुमडला, फुंकर मारली. काहीच नाही. दुसऱ्यांदा नुसती शिट्टी. तिसऱ्यांदा एक जाडाभरडा, थरथरता सूर निघाला आणि थांबला नाही.

माझे डोळे भरून आले, लपवत नाही. दोन म्हातारे, दोघांची बोळकी, एक वर वाजवतोय, दुसरा खालून त्याला धरून ठेवतोय. आणि पियानोच्या हादऱ्याने ती कवळी टकटक करत कडेकडे सरकत होती. पियानोवाल्याचे दोन्ही हात गुंतलेले. तो डोळ्यांनी मला खुणावत होता.

सख्ख्या सासऱ्यांच्या कवळीला मी कधी हात लावला नव्हता, चिमट्याने उचलायचे. त्या दिवशी उठले, सगळ्यांसमोर पायरी चढले, हीरोची वरची आणि खालची दोन्ही उचलून माझ्या धुतलेल्या रुमालात गुंडाळली, आणि कार्यक्रम संपेपर्यंत मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले.