बहीजाचा कान

बहीजानं पालथा हात मोटरसायकलच्या इंजिनाला लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला.

"अबू शादी, किती वेळ चालवून ठेवली होतीस?"

"आत्ताच जरा सुरू केली, हज्जे. पाहुण्यांपुढं नवरीला तोंड न धुता आणतात का?"

"नवरीला ताप आहे," बहीजा म्हणाली. "थंड इंजिन पहिल्या झटक्याला काय बोलतं, ते ऐकायला आले होते मी. तू तिला आधीच पढवून ठेवलीस."

मग तिनं हँडल एकदा पार डावीकडं, एकदा पार उजवीकडं वळवलं. डावीकडं ते बोटभर जास्त जात होतं. एवढा झगझगीत लाल रंग कशाला दिला असेल, ते तिला कळलं. गाडी जोरात आपटलेली होती. अबू शादीनं छातीवर हात ठेवून, आपल्याला काही माहीत नव्हतं असं सांगितलं, कॉफी घेऊनच जायचा आग्रह केला, आणि बहीजा व तिची लेक रुदैना वळल्यावर शेजारच्या दुकानदाराला पुटपुटला की अदीब मेला, पण त्याची बायको अजून बाजाराच्या मानगुटीवर बसलीय.

रुदैना हसली नाही. तीन रविवारांतली ही चौथी मोटरसायकल.

रुदैना चौतीस वर्षांची. बैरुतच्या एका हॉस्पिटलात, मूत्रपिंडाच्या रोग्यांचं रक्त यंत्रातून शुद्ध करतात त्या विभागात परिचारिका. सैदाहून रोज चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं. व्हॅनवाला व्हॅन भरल्याशिवाय हलत नसे, आणि ती पोचेपर्यंत सुजलेल्या पायांची माणसं यंत्राशेजारी ताटकळत बसलेली असत. महिनाभर विचार करून तिनं ठरवलं होतं. लहान गाडी नको, किनाऱ्याच्या हमरस्त्यावर ट्रकचा वाराच तिला ढकलून देतो. हजार सीसीची नको, ती डोकं फिरलेल्यांसाठी. सहा-सातशेच्या आतबाहेरची, वापरलेली, दिसायला चपळ पण पोटावर झोपून चालवावी लागणार नाही अशी. "जायला-यायला हवी," ती आईला म्हणाली होती. आणि थोड्या वेळानं, खिडकीबाहेर बघत, "आणि मला आवडतं, आई."

पहिलं वाक्य बहीजानं मान्य केलं. दुसरं ऐकल्यावर तिनं उठून ती खिडकी लावून घेतली.

तीस वर्षं तिच्या स्वयंपाकघराची खिडकी अदीबच्या गॅरेजवर उघडत होती. खाली इंजिनं बोलत आणि वर ती मसूर निवडत ऐकत असे. पुढं पुढं त्या आवाजांनीच अदीबचे कान गेले. गिऱ्हाइकाला कळू न देता तो खिडकीकडं बघून भुवई उडवायचा. मग बहीजा पिठाचे हात पुसत खाली यायची, लाकडी मुठीचा लांब पेचकस इंजिनाला टेकवायची, मूठ कानाशी धरायची आणि वर जाताना हळूच सांगायची, वरची साखळी सैल झालीय, किंवा खालचं बेअरिंग. गावात अदीबच्या कानाची ख्याती होती. तो कान कुणाचा, हे घरातल्या तिघांनाच ठाऊक.

पण गॅरेजात दुसऱ्याही गाड्या येत, अपघातातल्या, ताडपत्रीखाली झाकून, टेम्पोतून. त्या उतरवताना माणसं बोलत नसत. एका गाडीबरोबर आलेलं पांढरं हेल्मेट दाराशेजारच्या खिळ्यावर अकरा वर्षं लटकत होतं. न्यायला कुणी आलं नाही आणि अदीबला ते टाकवेना. स्वतः अदीब मात्र आपल्या अंथरुणात, झोपेत गेला. बहीजाला कधीकधी वाटे, गाड्यांनी त्याला सोडलं, पण हिशेब अजून मिटलेला नाही.

"पुढच्या रविवारी जेझ्झीनच्या रस्त्यावरची एक बघायचीय," परतताना रुदैना म्हणाली. "तीही तुला नापासच करायची असेल तर आत्ताच सांग. मी एकटी जाईन."

"चारही खराब होत्या."

"हो, खराबच होत्या. म्हणून तर तुला नेते."

या विश्वासानं बहीजाचा आठवडा फार वाईट गेला. भाजी निवडताना, नमाजाची चटई उलगडताना ती मनाशी एकच घोकत होती, ही पण खराब निघू दे.

डोंगरावरच्या त्या गावात वदीअ मास्तरांचं घर शेवटच्या वळणावर होतं. मास्तर भूगोल शिकवून निवृत्त झालेले, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेले. त्यांचा मुलगा नाजी कॅनडात गेला, त्याला चार वर्षं झाली. गाडी त्याची. विकून टाका, असं त्यानं तीनदा कळवलं, तेव्हा कुठं मास्तरांनी जाहिरात दिली होती. आल्याआल्याच त्यांनी सगळे दोष सांगितले: टायर जुने आहेत, साखळीला गंज आहे, मागच्या बाजूला ओरखडा आहे तो नाजीनं फाटकाला घासून पाडलेला. इतके दोष सांगणारा विक्रेता बहीजानं आयुष्यात पाहिला नव्हता.

गाडी गडद निळी, साडेसहाशेची, दोन सिलिंडरची. हँडल वाजवी उंचीवर. बहीजानं हात लावला. इंजिन गार होतं.

"दर रविवारी दहा मिनिटं सुरू करतो, पण आज हात नाही लावला," मास्तर म्हणाले. "तुम्ही याल म्हणून."

रुदैनानं बटण दाबलं. बहीजानं पिशवीतून पेचकस काढला, टेकवला आणि डोळे मिटले. पहिल्या झटक्याला इंजिन जरा खाकरलं आणि लगेच लयीत आलं. वरची साखळी नीट. झडपा नीट. खाली, अगदी तळाशी, जिथं बहुतेकांचं पाप लपलेलं असतं, तिथंही स्वच्छ. तिनं बराच वेळ मूठ कानापासून काढली नाही. इतकं निरोगी इंजिन ऐकून किती वर्षं झाली होती.

डोळे उघडले तेव्हा रुदैना तिच्याकडं बघत होती.

"तळाशी आवाज आहे," बहीजा म्हणाली. "बेअरिंग जातंय."

रुदैनानं इंजिन बंद केलं. मास्तरांनी विचारलं की याचा अर्थ चालत्या गाडीत इंजिन अडकून बसू शकतं का. शकतं, असं बहीजाला म्हणावं लागलं. मास्तर मागं सरकून भिंतीला टेकले.

"माझा मुलगा सहा वर्षं हिच्यावर हिंडला," ते म्हणाले. "बरं झालं तुम्ही आलात, बाई. मी तर कुणाच्याही लेकराला देऊन बसलो असतो. आता नाही विकत. उद्या भंगारवाल्याला बोलावतो."

बहीजानं पेचकस पिशवीत घातला.

"आई," रुदैना हळू आवाजात म्हणाली, "तुझ्या जिम्म्यावर सांग."

त्यांच्या घरात हे शब्द उगाच कुणी काढत नसे. बाजारात किंमत खोटी सांगितलेली चाले, वय खोटं सांगितलेलं चाले. पण 'तुझ्या जिम्म्यावर' म्हटलं की पुढचं बोलणं मानेवर बसतं, आणि ते कबरीपर्यंत उतरत नाही. अदीब तर म्हणायचा, यंत्राबद्दल ज्याला विचारलं, त्याच्या मानेवर अख्खा रस्ता असतो. रुदैनानं आजवर आईला ते एकदाच विचारलं होतं, अदीब झोपलाय की गेलाय, हे कळेना तेव्हा.

बहीजानं आधी मास्तरांकडं पाहिलं. माझा कान चुकला, असं म्हटलं तर सुटका होती. पासष्टीची बाई, कान जातातच. शब्द ओठांवर आला. पण तिच्याजवळ स्वतःचं म्हणावं असं आयुष्यात तेवढंच होतं.

"कान ठीक आहे माझा," ती म्हणाली. "मी खोटं बोलले. या गाडीत काही नाही, मास्तर. अशी गाडी मी दहा वर्षांत ऐकली नाही. मला भीती वाटते, एवढंच."

मास्तरांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला.

"माझ्या बायकोनं हिची किल्ली एकदा महिनाभर लपवली होती," ते म्हणाले. "गव्हाच्या डब्यात. नाजी दोन दिवसांत दुसरी करून आला. ती मात्र महिनाभर त्याच्याशी रोज खोटं बोलत राहिली, शोधतेय म्हणून."

रुदैना हसली. बहीजाला हसता आलं नाही.

"डोळे मिटले होतेस तू," रुदैना तिला म्हणाली. "खराब इंजिनाला तू डोळे मिटत नाहीस."

"मग विचारलंस कशाला?"

"तुझ्या तोंडून हवं होतं."

टायर दोन्ही बदल, बहीजानं सांगितलं. साखळी बदल. पुढच्या ब्रेकचं तेल बदलल्याशिवाय हमरस्त्यावर न्यायची नाही. पहिल्या पावसात रस्त्यावरचं जुनं तेल वर येतं, तेव्हा दोन दिवस व्हॅननं जा. सांगता सांगता तिचा आवाज कडक झाला, आणि रुदैना प्रत्येक गोष्टीला मान डोलवत गेली. मास्तर म्हणाले, आधी खालच्या चौकापर्यंत चालवून तर बघा.

रुदैनानं हेल्मेट चढवलं. फाटकाशी तिनं पाय टेकवून एकदा मागं पाहिलं. काचेआड तोंड दिसत नव्हतं. मग ती निघाली.

पहिलं वळण. दुसऱ्याआधी तिनं वेग कमी केला, गियर खाली टाकला, तो नीट पडला. बहीजा अंगणात उभी राहून ऐकत होती. तिसऱ्या वळणानंतर सरळ रस्ता असावा. इंजिन मोकळं झालं, चढत गेलं. गरजेपेक्षा जरा जास्तच चढलं. ते जायला-यायला नव्हतं. ते आवडतं म्हणून होतं.

गाडीवरून काढलेली चादर जमिनीवर पडली होती. मास्तर ती उचलून घडी घालायला लागले. मोठ्या पलंगाची चादर ती, एकट्याला आवरेना. बहीजानं जाऊन समोरची दोन टोकं धरली. दोघांनी ती ताणली, झटकली, आणि टोकं जुळवायला एकमेकांकडं चालत आले. आवाज दरीत उतरून बारीक होत होता.

"येतोय ना ऐकू अजून?" मास्तरांनी विचारलं. "मला चौथ्या वळणानंतर कधीच नाही आला."

बहीजानं त्यांच्या हातातली टोकं आपल्या हातात घेतली.

"येतोय," ती म्हणाली, आणि दोघं दुसरी घडी घालायला मागं सरकले.